मदत हवी आहे: जॅझचे फोटो, लाल दिवा आणि अंधार

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं मी रस्त्यावरचे फोटो काढते आहे. त्यात हात बऱ्यापैकी बसलाय. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ३५ मिमी लेन्स, एफ/८ (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान), फोकस हाताने अडीच मीटरवर लावलेला. म्हणजे पावणेदोन ते साडेचार मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं आणि डोळे माणसांवर राहतात. अलीकडे एका छोट्या जॅझ क्लबमध्ये जायला लागले. वादकांनी आपणहून परवानगी दिली आहे, पण तिथे माझं काहीच जमेना.

पहिली अडचण लाल दिव्याची. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याच्या तोंडावर थेट लाल एलईडी येतो. मागच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो, घरी उघडावा तर गालाच्या जागी नुसता लाल ठिपका. फुंकर घालताना फुगलेला गाल, कपाळावरची शीर, घामाचा थेंब, काही म्हणजे काही नाही. एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) मात्र केव्हाच जळून, म्हणजे अति उजेडाने सपाट होऊन गेलेला असतो. सेन्सरवर लाल पिक्सेल एक चतुर्थांशच, त्यामुळे बारकावा आधीच कमी. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) कृष्णधवल करून पाहिली, पण जे नोंदलंच गेलं नाही ते परत कुठून येणार? एक्स्पोजर एक स्टॉप कमी (म्हणजे उजेड निम्मा) ठेवला तर गाल वाचतो, मात्र मागचा बेसवाला (डबल बेस वाजवणारा) अंधारात गडप होतो.

दुसरी अडचण पट्ट्यांची. बेसचा एकल भाग चालू होता, सगळे श्वास रोखून ऐकत होते आणि माझं शटर वाजलं. वादकाने मान वर करून पाहिलं. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता सेन्सरवरून ओळीओळीने फोटो नोंदणारं) वापरते. आवाज नाही, पण दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे फोटोभर आडवे पट्टे! शटरस्पीड १/१०० सेकंद ठेवल्यावर साध्या दिव्यांखालचे पट्टे गेले, मंचावरच्या एलईडीचे गेले नाहीत.

आता खरा प्रश्न. छायाचित्रकार हर्मन लिओनार्ड यांनी १९४८ साली काढलेला सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनचा फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मागून आलेला उजेड आणि त्यात तरंगणारा सिगारेटचा धूर. लिओनार्ड स्वतःचे दिवे लावायचे. मला तिथे दिवा लावता येणार नाही, धूरही नाही. त्यामुळे मी छायाचित्रकार रॉय डीकॅराव्हा यांच्या कामाकडे वळले. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला रस्ता, घरं, जिने आणि जॅझचे वादक हे सगळं त्यांनी आहे त्या उजेडात टिपलं. त्यांच्या प्रिंट्स इतक्या गडद असतात की आधी काळंच दिसतं, मग हळूहळू त्यातून हात, चेहरा, कोटाची बाही वर येते. मला तसा अंधार हवाय, ज्यात काहीतरी आहे. माझ्या फोटोंतला अंधार नुसता दाणेदार चिखल असतो. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४००, एफ/१.८, शटर १/१२५ असं माझं गणित आहे.

एक गोष्ट मला सारखी छळते. परवा कार्यक्रम संपल्यावर तोच बेसवाला खोळीतला डबल बेस पाठीवर घेऊन बसथांब्यावर उभा होता. बसचं दार उघडलं आणि आत शिरण्याआधी त्याने वाद्याच्या मानेवर हात ठेवून ते हलकेच झुकवलं, लहान मुलाचं डोकं दाराच्या चौकटीला लागू नये म्हणून धरतात तसं. त्या क्षणाचा एक फोटो क्लबमधल्या माझ्या तीनशे फोटोंपेक्षा जास्त जॅझ आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून रस्ता आणि क्लब हे दोन्ही एकाच मालिकेत ठेवायचं आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं:

लाल दिव्यात एक्स्पोजर कशावर मोजता, चेहऱ्यावर की वाद्याच्या चमकेवर? लाल चॅनल जळू नये म्हणून कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) मुद्दाम बदलून हिस्टोग्राम बघणारं कुणी आहे का? मंचावरच्या एलईडीसाठी शटरस्पीड कसा शोधायचा? की मेकॅनिकल शटरच वापरून फक्त ड्रम जोरात असताना क्लिक करावं?

आणि १/३० इतक्या कमी वेगावर ड्रमच्या काठ्या पुसट होऊ दिल्या, चेहरा स्थिर राहिला, असं कुणाला जमलंय का? जमलं असेल तर फोटो इथे जरूर टाका. शनिवारी पुन्हा जाणार आहे, त्याआधी कुणी सुचवलं तर करून बघेन आणि निकाल इथेच लिहीन.