मदत हवी आहे: आयसीयूत मुलाला दुखतंय, कोणी ऐकत नाही

चैत्रपालवी (रात्री ११:४०)
अपेंडिक्स फुटलं होतं, ऑपरेशन झालं, आज तिसरा दिवस. संध्याकाळी पाच मिनिटं आत सोडलं तर डोळ्याच्या कडेने पाणी ओघळत होतं. सिस्टर म्हणाल्या, झोपेचं औषध चालू आहे, त्याला काही कळत नाही. मला पटत नाही. दुखणं मोजता येतं का? उद्या ११ ला डॉक्टर भेटणार, काय विचारू? प्लीज लवकर सांगा.

बोरीबंदर
वय? तोंडात नळी आहे का? औषधं कुठली?

चैत्रपालवी
सहा वर्षं. हो, व्हेंटिलेटरवर आहे. एका पंपावर मिडाझोलाम लिहिलंय. दुसऱ्यावरचं वाचायला वेळच मिळाला नाही.

रातपाळी
ताई, मी बारा वर्षं लहान मुलांच्या आयसीयूत नर्स आहे. मिडाझोलामने झोप लागते, दुखणं थांबत नाही. त्यासाठी फेंटानिल किंवा मॉर्फीन लागतं, जोडीला पॅरासिटामॉल. दुसऱ्या पंपात काय आहे हे पहिलं विचारा.
मोजता येतं. फ्लॅक नावाची पट्टी आहे: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत काढल्यावर शांत होतो का. प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. नळी असली की रडण्याचा आवाजच फुटत नाही, म्हणून कम्फर्ट-बी नावाची दुसरी पट्टी वापरतात, तिच्यात रडण्याऐवजी मूल व्हेंटिलेटरशी झगडतंय का ते बघतात. नुसत्या ठोक्यांवर जाऊ नका, ते तापानेही वाढतात. डोळ्यातलं पाणी दुखण्याचं असेल किंवा पापणी नीट न मिटल्याचंही. स्नायू सैल करणारं औषध चालू आहे का तेही विचारा. असेल तर चेहरा, हातपाय हलतच नाहीत आणि या पट्ट्या निरुपयोगी ठरतात.

कोकणकडा
मॉर्फीनला हो म्हणू नका!! सवय लागते. आमच्या दिरांचं बघितलंय.

रातपाळी
कृपा करून असं घाबरवू नका. व्यसन वेगळं आणि शरीराला सवय होणं वेगळं. पाचेक दिवसांहून जास्त चाललेलं औषध एकदम थांबवलं की जांभया, शिंका, घाम, जुलाब, थरथर सुरू होते, म्हणून ते हळूहळू उतरवतात. त्या भीतीपायी मुलाला दुखत ठेवायचं का?

कोकणकडा
अनुभवाचं बोलले. राहिलं.

सातबारा
आरोग्यमित्राला भेटलात का? मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेत खर्च बसेल. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

अंगणवेल
तळपायांना कोमट तेल चोळा, माझी नात लगेच शांत व्हायची.

रातपाळी
आयसीयूत तेल नको, सलाइन-नळ्यांच्या चिकटपट्ट्या सुटतात. कपाळावर हात ठेवा, कानाशी रोजच्या आवाजात बोला.

चैत्रपालवी
पैशांचं बघतोय आम्ही. एक सांगायचं राहिलं, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलत नाही. पाय एरवीही ताठच असतात.

रातपाळी
अहो, हेच तर आधी हवं होतं! ताठ पाय बघून कोणी जास्त गुण देईल, कोणी "याचं नेहमीचंच" म्हणून सोडून देईल. अशा मुलांसाठी फ्लॅकची सुधारित पट्टी आहे, तिच्यात आईवडिलांनी सांगितलेल्या खुणा लिहून घेतात. घरी दुखलं-खुपलं की तो नेमकं काय करतो?

चैत्रपालवी
डावा अंगठा मुठीत घेतो आणि जिभेने टकटक आवाज काढतो. आता नळीमुळे जीभ हलत नाही. पण अंगठा... तो आज मुठीतच होता. सिस्टरनी चिकटपट्टी बदलायला बोटं सोडवली, त्याने परत आत घेतला. मी बघितलं आणि बोलले नाही.

रातपाळी
आत्ताच कागदावर लिहा. उद्या तोंडी सांगू नका, कागदच हातात द्या.

बोरीबंदर
ऑपरेशन दुर्बिणीतून की पोट उघडून?

चैत्रपालवी (दुसऱ्या दिवशी, दुपारी १२:२५)
पोट उघडून. कागद दिला. दुसरा पंप फेंटानिलचाच होता. नळी लवकर काढता यावी, श्वास त्याचा त्याने घ्यावा म्हणून काल सकाळी डोस कमी केला होता. डॉक्टरांनी अंगठा स्वतः बघितला, डोस थोडा वाढवला, नळीचं उद्यावर ढकललं. कागद आता पलंगाच्या फाइलला लावलाय. ह्यांना तासभर त्याच्याजवळ बसू देणार आहेत. पाचला मला सोडतील तेव्हा आधी मूठ बघते.