छोटे इलेक्ट्रॉनिक ठोकळे: मुलांच्या खरोखर उपयोगाचे की नव्याचे नऊ दिवस?

प्रश्न: बालविभाग, सुदामानगर

सप्रेम नमस्कार. इंदूरच्या सुदामानगरात आम्ही काही जणी मिळून एका लहानशा मराठी वाचनालयाचा बालविभाग चालवतो. दर शनिवारी संध्याकाळी आठ ते तेरा वर्षांची मुले येतात, गोष्टी वाचतात, चित्रे काढतात. यंदा एका ज्येष्ठ सभासदांनी बालविभागाला देणगी दिली असून, पुस्तकांखेरीज मुलांचा हात आणि डोके दोन्ही कामाला लागतील अशा एखाद्या साधनावर ती खर्च व्हावी, अशी त्यांची इच्छा आहे. कार्यकारिणीत छोट्या इलेक्ट्रॉनिक ठोकळ्यांचा विषय निघाला. एकमेकांना जोडले की दिवा लागतो, टाळी वाजवली की पंखा फिरतो, तिरके धरले की आवाज बदलतो, अशा प्रकारचे हे ठोकळे असतात. काहींच्या मते आजच्या मुलांना हेच हवे आहे. काहींना वाटते की हे महागडे खेळणे दोन-चार शनिवार हाताळले जाईल आणि मग कपाटात पडून राहील.

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते, म्हणून नेमके विचारते. पहिले नवल ओसरल्यावर या ठोकळ्यांतून मुलांच्या हाती काय उरते? आमच्याकडे तंत्रज्ञ कोणी नाही. एक निवृत्त बँक अधिकारी आणि एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी एवढेच स्वयंसेवक आहेत. ज्यांनी ही साधने मुलांच्या हातात प्रत्यक्ष पाहिली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: निवृत्त प्राध्यापक (इलेक्ट्रॉनिक्स), इंदूर

ताई, या एका नावाखाली तीन निरनिराळ्या जातींच्या वस्तू विकल्या जातात आणि प्रत्येकीचा हिशेब वेगळा आहे.

पहिली जात पडदा असलेल्या ठोकळ्यांची. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅब नावाच्या प्रयोगशाळेत डेव्हिड मेरिल आणि जीवन कलानिथी यांनी ‘सिफ्टेबल्स’ नावाचे जेमतेम दीड इंचाचे ठोकळे तयार केले आणि 2009 मध्ये मेरिल यांनी ते ‘टेड’ या व्याख्यान-परिषदेच्या व्यासपीठावर दाखवले. प्रत्येक ठोकळ्याला स्वतःचा पडदा होता, आपण तिरके झालो की हलवले गेलो हे त्याला कळत असे, आणि शेजारी दुसरा ठोकळा येऊन टेकला हे अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांच्या साहाय्याने ओळखता येत असे. अक्षरे शेजारी सरकवून शब्द बनवायचा, अंक सरकवून बेरीज साधायची, अशी ती कल्पना होती आणि ती मला आजही सुंदर वाटते. 2011 मध्ये ‘सिफ्टेओ’ या नावाने तीन ठोकळ्यांचा संच सुमारे 150 डॉलरना बाजारात आला. 2014 मध्ये ड्रोन बनवणाऱ्या थ्रीडी रोबोटिक्सने ती कंपनीच विकत घेतली आणि ठोकळ्यांचा मार्ग तिथे खुंटला. कंपनीने लिहिलेले खेळ हेच त्या ठोकळ्यांचे प्राण होते, त्यामुळे नवे खेळ येणे थांबल्यावर मुलाने त्यांचे करायचे तरी काय, हा प्रश्न उरला.

दुसरी जात चुंबकाने जुळणाऱ्या तुकड्यांची. आया बदेर यांनी 2011 मध्ये सुरू केलेले ‘लिटलबिट्स’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्यात वीज देणारा तुकडा निळा, माहिती घेणारा गुलाबी, काम करून दाखवणारा हिरवा आणि जोडणीचा नारिंगी असतो. चुंबक असे बसवलेले असतात की तुकडा उलटा जोडायला गेले तर तो जुळतच नाही, त्यामुळे मुलाच्या हातून काही जळण्याची भीती राहत नाही. त्यांची खरी ताकद हीच आहे, आणि माझी तक्रारही नेमकी इथूनच सुरू होते. नऊ व्होल्टच्या बॅटरीला लाल एलईडी थेट जोडला तर तो क्षणात जातो. एलईडीला साधारण दोन व्होल्ट पुरतात, उरलेले सात व्होल्ट कुठेतरी खर्च व्हावे लागतात. मध्ये 470 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह रोखणारा छोटा भाग, घातला की प्रवाह सुमारे 15 मिलिअँपिअरवर येतो आणि एलईडी सुखाने उजळत राहतो. हा रेझिस्टर ठोकळ्याच्या पोटात आधीच बसवलेला असल्यामुळे त्याची गरज का पडते, हा प्रश्न मुलाच्या मनात उगवतच नाही. सर्व तुकडे एका ओळीत जुळत असल्याने एकसर (एकामागे एक) आणि समांतर (शेजारी-शेजारी) जोडणीतला फरकही फारसा हाताला लागत नाही.

तिसरी जात सूचना लिहून चालवायच्या बोर्डांची. बीबीसीने 2016 मध्ये ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या मुलांना सुमारे दहा लाख ‘मायक्रोबिट’ मोफत वाटले. हाताच्या तळव्यापेक्षा लहान असलेल्या या पट्टीवर 25 दिव्यांची चौकट, दोन बटणे, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि तापमान कळण्याची सोय आहे, आणि पेन्सिलच्या सेलसारखे दोन बारीक सेल तिला पुरतात. त्यात काय घडावे, हे मूल स्वतः ठरवते. दिवे कोणत्या क्रमाने लागावेत, किती अंशांवर घंटा वाजावी, दोन बोर्डांनी एकमेकांना काय सांगावे, याची सूचना त्याने लिहिलेली असते. ती चुकली तर बोर्ड चुकीचेच वागतो, आणि चूक कुठे आहे ते मुलालाच शोधावे लागते. लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा 1967 मध्ये घडवणाऱ्यांपैकी एक असलेले सीमोर पेपर्ट आयुष्यभर हेच सांगत राहिले, की संगणकाने मुलाला चालवण्याऐवजी मुलाने संगणकाला चालवावे.

माझे मत विचाराल तर पैसे तिसऱ्या जातीवर खर्च करावेत आणि पहिल्या जातीच्या वाटेला जाऊ नये.

उत्तर: एक आई, विजयनगर

प्राध्यापक सरांच्या म्हणण्याला माझ्या घरचा अनुभव जोडते. माझ्या मुलाला परदेशातील नातेवाईकांनी फोनवरच्या ॲपने चालणारा ठोकळ्यांचा एक संच पाठवला होता. त्याने तो मनापासून वापरला, स्वतःची गाडीही बनवली. पुढे आम्ही फोन बदलला, नव्या फोनवर ते ॲप चालेना, आणि बनवणाऱ्यांकडे विचारले असता या संचाला आता साहाय्य दिले जात नाही असे उत्तर आले. ठोकळ्यांना ओरखडाही नव्हता, मोटरी ठणठणीत होत्या, पण त्यांना सूचना देण्याचा दरवाजाच बंद झाला होता. मुलाने मला विचारले, “आई, हे तुटलेले नाही, मग चालत का नाही?” मला त्याला पटेल असे काही सांगता आले नाही.

म्हणून विनंती एवढीच, की विकत घेण्याआधी फोन आणि इंटरनेट दोन्ही बाजूला ठेवून ती वस्तू काय करू शकते, हे दुकानात करून दाखवायला सांगा.

उत्तर: निवृत्त शिक्षक, देवास

सरांचा आदर राखून एका मुद्द्यावर थोडे वेगळे मांडतो. रेझिस्टर लपलेला असणे हा आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मला दोष वाटत नाही. त्या वयात आधी कुतूहल जागे व्हावे लागते. गणित त्याच्या मागून येते.

गेल्या दिवाळीत इंदूरला माझ्या नातीकडे चुंबकाने जुळणारा असा एक संच पाहिला. तिने प्रकाश ओळखणाऱ्या तुकड्याला आवाज करणारा तुकडा जोडला, तो कपड्यांच्या कपाटात ठेवला आणि दार उघडताच गजर झाला म्हणून सगळ्या घराला बोलावून आणले. इथवर सर्व संचाच्या पुस्तिकेत दिलेलेच होते. दार लावल्यावर मात्र गजर पूर्ण थांबेना, बारीक कुरकुर चालूच राहिली. तिने तुकडे उलटसुलट करून पाहिले, बॅटरी काढून पुन्हा घातली, आणि शेवटी स्वतःच कपाटात डोके घालून भावाला बाहेरून दार लावायला सांगितले. आत बसल्यावर बिजागरीच्या फटीतून येणारी प्रकाशाची रेघ तिला दिसली. तिने फटीवर ओढणी लावली आणि कुरकुर थांबली. त्यानंतर ती कितीतरी वेळ घरातल्या कोणत्या खोलीत किती अंधार आहे, हे आवाजावरून मोजत फिरत होती. ओहमचा नियम तिला अजून ठाऊक नाही, पण मोजमाप म्हणजे काय हे तिला त्या दिवशी उमगले, असे मी शिक्षक म्हणून खात्रीने सांगतो.

आपल्या मध्य प्रदेशात या विषयाची मोठी परंपरा आहे आणि तिचा उल्लेख इथे व्हायलाच हवा. 1972 मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील 16 उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू केला. 1978 मध्ये तो जिल्हाभर पसरला, 1982 मध्ये एकलव्य संस्था स्थापन झाल्यावर इतर जिल्ह्यांतही पोहोचला आणि 2002 मध्ये शासनाने तो बंद करेपर्यंत चालला. सहावी ते आठवीची मुले चार-चारांच्या टोळ्या करून प्रयोग करत, निरीक्षणे स्वतःच्या वहीत लिहीत, आणि परीक्षेला तीच वही व पुस्तक उघडे ठेवून बसत. पडलेले प्रश्न मुले ‘सवालीराम’ या काल्पनिक व्यक्तीला पत्राने विचारत आणि त्यांना उत्तरे येत. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून आकृत्या जोडण्याची युक्ती याच कामात असताना काढली.

साधने स्वस्त होती, हे त्या उपक्रमाचे बळ होतेच; पण त्याहून मोठे बळ चौघांच्या टोळीत, वहीत आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहणाऱ्या शिक्षकात होते. आपल्या ठोकळ्यांनाही हीच कसोटी लावावी असे मला वाटते. एका मुलाला एक संच दिला तर ते मूल पुस्तिकेतली चित्रे संपवून उठेल. चौघांत एक संच दिला आणि ‘हे असे का झाले?’ याचे उत्तर वहीत लिहायला सांगितले, तर तोच संच वर्षभर पुरेल. यासाठी तंत्रज्ञ लागत नाही. आपले बँक अधिकारी काटेकोर नोंद ठेवायला शिकवतील, त्याहून चांगले काय हवे?

उत्तर: सुट्या भागांचे दुकान, महाराणी रोड

मी विक्रेता आहे, म्हणून किमतीविषयी बोलत नाही; मुलांच्या सुरक्षिततेविषयी मात्र लिहिणे मला आवश्यक वाटते. अनेक स्वस्त संचांत बटणाच्या आकाराचे सेल असतात. असा सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. सुटे शक्तिशाली चुंबक एकाहून अधिक पोटात गेले तर आतड्यांच्या भिंती मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात, तेही तितकेच घातक. मोठ्या मुलांबरोबर धाकटी भावंडे वाचनालयात येतच असणार. त्यामुळे सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा असावा आणि चुंबक तुकड्यात पक्के बसवलेले असावेत, हे पाहिल्याशिवाय कोणताही संच घेऊ नये.

आणखी एक गोष्ट. ‘आर्डुइनो’ हा 2005 मध्ये इटलीत जन्मलेला, सूचना लिहूनच चालवायचा बोर्ड खुल्या आराखड्याचा असल्यामुळे कोणीही बनवू शकतो. त्यामुळे तो आमच्या बाजारात सहज मिळतो, आणि एखादा सेन्सर बिघडला तर तेवढाच बदलून घेता येतो. बंद संचातला एक तुकडा हरवला तर तोच तुकडा मिळवण्यासाठी वणवण होते. तेरा वर्षांच्या मुलांना हे सुटे भाग उत्तम जमतात; लहानांना बारीक तारांचा कंटाळा येतो, हे मी गिऱ्हाइकांकडून नेहमी ऐकतो.

प्रश्नकर्ती: बालविभाग, सुदामानगर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. कार्यकारिणीपुढे मी असे मांडणार आहे, की लहान मुलांसाठी चुंबकाने जुळणारा, फोनशिवाय चालणारा एकच संच घ्यावा आणि मोठ्यांसाठी मायक्रोबिटचे चार बोर्ड घ्यावेत. उरलेल्या देणगीतून पुस्तके यावीत. देवासच्या सरांनी सुचवलेल्या वह्या आम्ही पहिल्या शनिवारपासूनच सुरू करू. एक शंका राहिली. आमच्या वाचनालयात संगणक एकच आहे आणि इंटरनेट अधूनमधून बंद पडते. चार बोर्ड आणि एक संगणक, अशा स्थितीत बाकीच्या टोळ्यांनी तोवर काय करावे?

उत्तर: निवृत्त प्राध्यापक (इलेक्ट्रॉनिक्स), इंदूर

ताई, ही अडचण नसून एका परीने सोय आहे. एकदा सूचना बोर्डात उतरवली की ती सेल काढले तरी पुसली जात नाही, आणि त्यानंतर बोर्डाला संगणकाची गरज राहत नाही. म्हणून प्रत्येक टोळीने आपली सूचना आधी कागदावर मराठीत लिहावी: ‘बटण दाबले तर… नाहीतर…’. एकाने ती वाचावी आणि दुसऱ्याने बोर्ड होऊन तंतोतंत तसेच वागून दाखवावे. निम्म्या चुका तिथेच सापडतील. मग पाळीपाळीने संगणकाशी बसून ती उतरवावी. इंटरनेटविना चालणारी आज्ञावलीही विंडोजसाठी मोफत मिळते, ती आधीच भरून ठेवावी. देवासच्या सरांचे लहान मुलांबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी एकदा तरी ब्रेडबोर्डवर (सुटे भाग खोचून जोडायच्या छिद्रांच्या पट्टीवर) एलईडी आणि रेझिस्टर स्वतः जोडावा, हा माझा आग्रह कायम आहे. त्यासाठी एका शनिवारी मी स्वतः येईन. नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, 470 ओहमचे रेझिस्टर आणि थोडे जास्तीचे एलईडी आणून ठेवा, कारण एक एलईडी मुलांच्या देखत रेझिस्टरशिवाय जोडून दाखवायचा आहे. तो मीच जोडेन आणि मुलांना टेबलापासून दोन पावले मागे उभे करेन.