मदत हवी आहे: कोलंबस, इंडियानामधल्या वॉशिंग्टन स्ट्रीटची जुनी दुकानं

पुढच्या महिन्यात आई-बाबा पुण्याहून येतायत. बाबा आयुष्यभर आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते, त्यामुळे त्यांना गाव नीट दाखवायचंय. आधुनिक इमारतींची माहिती हवी तेवढी मिळते: एलिएल सारिनेनचं १९४२चं चर्च, त्याचा मुलगा ईरोची १९५४ची काचेची बँक, आय. एम. पेईंचं १९६९चं ग्रंथालय. आयझॅक हॉजसनच्या १८७४च्या कोर्टाबद्दलही वाचलंय. अडतंय ते वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या विटांच्या जुन्या दुकानांपाशी.

१९६०च्या दशकात डिझायनर अलेक्झांडर जिरार्डने या दुकानांसाठी रंगसंगती आखून दिली. पाडापाडी न करता रंग आणि पाट्यांवर रस्ता उजळवला. मला तर हे गावातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं! पण आज दिसणारा रंग त्या आराखड्यातला की नंतरचा, हे कसं ओळखायचं?

दुसरं म्हणजे माथ्यावरची नक्षीदार कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या वरच्या कडेला पुढे आलेली पट्टी. एका दुकानाच्या कोपऱ्यात ती उचकटलीय आणि आतली लाकडी चौकट दिसते, म्हणजे ती पत्र्याची असावी. बाकीच्यांत ओतीव लोखंड कुठे आहे, ते खालून कसं कळेल? सॅनबॉर्न कंपनीचे आगीच्या विम्यासाठी काढलेले, इमारत कशाची आहे ते रंगांनी दाखवणारे जुने नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहेत. गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड एवढं समजलं. बारीक खुणा वाचता येणारं कुणी आहे का?

कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीमुळे इथे बरीच मराठी मंडळी आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, तेव्हा मध्ये बसायला बाकं असलेला तासाभराचा रस्ता कुणी सुचवला तर फार बरं होईल.