डेबियनवर एसएसडीचं फर्मवेअर अपडेट

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींच्या कारखान्यात हिशेबाचा पीसी आहे, डेबियन १२ (लिनक्स), एनव्हीएमई एसएसडी (वेगवान डिस्क). तिचं फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्राम) जुनं आहे आणि कंपनीचं टूल फक्त विंडोजवर चालतं. विंडोज न टाकता जमेल का?

उत्तर: जमेल की. आधी बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर. स्मार्टसीटीएलने (डिस्कची माहिती दाखवणारा आदेश) मॉडेल आणि आवृत्ती टिपून ठेवा. मग एफडब्ल्यूअपडी (लिनक्सवर फर्मवेअर अपडेट करणारं टूल) बसवून रिफ्रेश, गेट-अपडेट्स, अपडेट याच क्रमाने चालवा. ड्राइव्ह यादीत नसेल तर कंपनीने बहुधा एलव्हीएफएसवर (हे टूल जिथून फर्मवेअर घेतं ती सेवा) फाइलच दिलेली नाही.

उत्तर: तसं असेल तर एनव्हीएमई-सीएलआय, म्हणजे ड्राइव्हला थेट आदेश देणारं टूल; फाइल कंपनीकडून मिळवा. त्याच्या एफडब्ल्यू-लॉग आदेशाने स्लॉट (ड्राइव्हमधली फर्मवेअर ठेवायची जागा) बघा. काही ड्राइव्हचा पहिला स्लॉट रीड-ओन्ली असतो. डाउनलोड आदेशाने फाइल फक्त ड्राइव्हवर चढते, कमिट (ते फर्मवेअर पक्कं करायचा आदेश) केल्याशिवाय काही बदलत नाही. कमिटला अॅक्शन १ द्या, नवं फर्मवेअर पुढच्या रीसेटला लागू होतं. अॅक्शन ३ चालू मशीनवर लगेच लावतो. सिस्टीम त्याच ड्राइव्हवर असताना तो नकोच. ड्राइव्ह यूएसबी केसमध्ये घालूनही करू नका, केसमधले बरेच ब्रिज चिप (ड्राइव्ह यूएसबीला जोडणारे) हे आदेश पुढे पाठवत नाहीत.

उत्तर: भाऊ, यूपीएस लावल्याशिवाय हात घालू नका. कमिट चालू असताना लाईट गेली तर ड्राइव्ह कायमचा जाऊ शकतो. नंतर नुसतं रीस्टार्ट नको, पूर्ण बंद करून चालू करा आणि आवृत्ती पुन्हा तपासा.