मदत हवी आहे: दातांवरून स्थलांतर ओळखताना समुद्रकिनाऱ्याचं काय करतात?

दाताचं एनॅमल (वरचं कठीण आवरण) लहानपणी तयार होतं आणि पुढे बदलत नाही. त्यामुळे त्यातलं स्ट्रॉन्शियम-८७ आणि ८६ (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, म्हणजे समस्थानिक) यांचं प्रमाण बालपणीच्या भागातल्या खडकांचा माग देतं, इथवर कळलं. इंग्लंडमध्ये स्टोनहेंजजवळ २००२ मध्ये ज्याचा प्राचीन सांगाडा सापडला त्या 'एम्सबरी आर्चर'चं बालपण आल्प्सकडे गेलं असावं, हे मात्र ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून सुचवलं गेलं (भारीच!).

माझी अडचण अशी: किनाऱ्यावर मासे खाऊन वाढलेल्यांच्या दातांत समुद्राचंच प्रमाण, म्हणजे ०.७०९२ च्या आसपास, उतरणार ना? मग किनाऱ्यापासून दूर, आत कुठे तेवढंच प्रमाण असलेल्या जमिनीवर वाढलेला माणूस वेगळा कसा काढायचा? शिवाय एखाद्या भागाचं प्रमाण किती हे कळावं म्हणून तुलनेसाठी तिथली आजची झाडं, गोगलगायी तपासतात. शेतातल्या खतांमुळे ते आकडे बिघडत नाहीत का? या विषयात काम केलेलं कुणी असेल तर प्लीज समजावून सांगा.