रोज हुमण (माशाची कडी) खाणाऱ्यानेही माशाच्या तेलाची कॅप्सूल घ्यायची?

म्हापसेकर:

माझा भाचा २४ वर्षांचा. जिमच्या ट्रेनरने त्याच्या हातात माशाच्या तेलाची बाटली ठेवलीय. दिवसाला दोन कॅप्सूल घे, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वर जातं म्हणे. बाटली हजाराच्या वर. आणि हाच मुलगा गेली दोन वर्षं आईच्या बांगड्याच्या हुमणाला नाक मुरडतो, तेफळांचा वास येतो म्हणून, आणि उकडलेलं चिकन डब्यात घेऊन जातो. ताटातला मासा नको, बाटलीतला हवा!

म्हटलं, ट्रेनर कशाच्या जोरावर बोलतो ते तरी बघावं. बोलणारे बहुतेक जण डेन्मार्कच्या एका अभ्यासाकडे बोट दाखवतात, २०२० साली आलेला. तिथे तरुणांना लष्करासाठी सक्तीच्या तपासणीला जावं लागतं. त्यातल्या १६७९ जणांचं रक्त आणि वीर्य तपासलं, वृषणांचा आकार मोजला, आणि मागच्या तीन महिन्यांत कुठल्या गोळ्या घेतल्या ते विचारलं. माशाचं तेल घेणारे निघाले ९८. त्यातले साठ किंवा त्याहून जास्त दिवस घेणारे फक्त ५३. काही न घेणाऱ्यांच्या तुलनेत या ५३ जणांचे वृषण सरासरी दीड मिलिलिटरने मोठे आणि वीर्य ०.६४ मिलिलिटरने जास्त. तेल घेणाऱ्या सगळ्यांत मिळून वृषणांना चालवणारी दोन हार्मोन्स कमी: एलएच १६ टक्क्यांनी आणि एफएसएच २० टक्क्यांनी.

नीट बघा, बातमी टेस्टोस्टेरॉन वाढल्याची नाहीच. एलएच म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूष ग्रंथीने वृषणाला पाठवलेला हुकूम, 'टेस्टोस्टेरॉन तयार कर'. या मुलांत एलएचच्या मानाने मोकळं (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेलं) टेस्टोस्टेरॉन जास्त भरलं. म्हणजे मुकादम कमी ओरडला तरी काम तेवढंच झालं. ही चांगली खूण आहे, नाकारत नाही. पण 'काम बिनबोभाट होतं' आणि 'काम वाढलं' यात फरक आहे की नाही? शिवाय स्वतःहून माशाचं तेल घेणारा १९ वर्षांचा मुलगा बाकीही जपूनच राहत असणार. ते तेलाचं पुण्य की त्याच्या वागण्याचं, हे असल्या पाहणीतून ठरत नाही.

माझं म्हणणं एवढंच: कॅप्सूल घ्यायची तर घ्या, पण टेस्टोस्टेरॉनच्या नावाने गोव्यात तरी कुणी ती विकू नये.

लोखंड_उचल्या:

म्हापसेकरबाब, तुम्ही एकच अभ्यास पकडून बसलात. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातला आला, तो नुसती पाहणी नव्हती. वजन जास्त असलेल्या लोकांना दोन गटांत वाटून १२ आठवडे एकाला डीएचए (माशातल्या ओमेगा-३ चरबीचा एक प्रकार) भरपूर असलेलं माशाचं तेल दिलं, दुसऱ्याला मक्याचं तेल. माशाच्या तेलाच्या गटातल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं, बायकांचं नाही. शिवाय इन्सुलिनही सुधारलं. आता बोला.

आणि माझं स्वतःचं सांगतो. वय ३६, वजन ९४ होतं. टेस्टोस्टेरॉनचा पहिला रिपोर्ट ३१०. चार महिने कॅप्सूल घेतली, दुसरा रिपोर्ट ४८०. मी काही पुस्तक वाचून बोलत नाही. अंगात फरक जाणवतो.

म्हापसेकर:

अभ्यास मान्य. पण त्यातला डोस बघितलात का? दिवसाला ८६० मिलिग्रॅम डीएचए. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या १००० मिलिग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये १८० ईपीए (दुसरं ओमेगा-३) आणि १२० डीएचए असतं, बाकीचं नुसतं तेल. बाटलीवर मोठ्या अक्षरात १०००, आणि कामाचं ३००. भाच्याच्या दोन कॅप्सूलमधून त्याला २४० डीएचए मिळतं. ८६० गाठायला रोज सात-आठ लागतील, म्हणजे महिन्याला चार बाटल्या! ट्रेनरला चालेल म्हणा.

आणि ते सगळे जाड लोक होते. माझा भाचा काडी आहे.

रापणकार_बेतूल:

डीएचए-बीएचए मला कळत नाही, मासा कळतो. तेल पाहिजे तर तारले खा. पावसाळ्यानंतर जो तारलो येतो तो निखाऱ्यावर ठेवला की चरबी टपटप गळते आणि धुराने घर भरतं. त्याच तारल्याचं तेल आमचे जुने लोक होड्यांना चोळायचे आणि मासे माडाच्या मुळात खत म्हणून घालायचे. होड्या टिकल्या, माड वाढले, आणि आता तेच तेल बाटलीत घालून आम्हालाच विकतात.

पण सगळे दिवस सारखे नसतात हेही सांगतो. उन्हाळ्याच्या शेवटी तोच तारलो सुका लागतो, दाताखाली भुसा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, तेव्हा बाजारात येतं ते बाहेरचं, बर्फातलं. २०१८ च्या जुलैत माशांतल्या फॉर्मेलिन या रसायनावरून मडगावात काय गोंधळ झाला तो विसरलात काय? आमच्या घरात तेव्हा पंधरा दिवस खारे बांगडे आणि किसमूर. तेव्हा 'गोंयकार रोज मासे खातो, त्याला काय कमी' असं कुणी म्हणू नये. कुठला मासा, कधीचा, ते बघा.

तेफळ:

रापणकारबाब लाख बोललात. त्यात मी भर घालते. आमच्याकडे मासा खाल्ला म्हणजे काय खाल्लं? रव्यात घोळवलेलं इसवण (सुरमई), रिफाइंड तेलात कुरकुरीत. रेस्टॉरंटच्या फिश थाळीत हुमण वाटीभर आणि तळलेलं ताटभर. इसवणात चरबी तशी कमीच, आणि तळताना कढईतलं तेल रव्यात शिरतं. मग म्हणायचं आम्ही ओमेगा-३ खातो! तारल्यांचं आंबट नाहीतर बांगड्याचं हुमण करा, अंगाला लागेल. (माझी सासू म्हणते, तेफळ न घातलेलं बांगड्याचं हुमण हे हुमणच नव्हे. भाच्याला सांगा.)

पण म्हापसेकर, तुमच्या मुद्द्याला एक खोच आहे. मासे खाऊन जर सगळं सुरळीत होत असतं, तर मधुमेहात गोवा देशात पहिला कसा? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये छापून आलेल्या पाहणीत २६.४ टक्के. आणि मधुमेह असलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असण्याचं प्रमाण जास्त असतं, हे आता नवीन राहिलेलं नाही. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करते. माशाचं ताट समोर असूनही आमचे पुरुष तिथेच अडकलेत. म्हणजे ताटातला मासा पुरत नाही, असाही अर्थ निघतो की नाही?

म्हापसेकर:

निघतो. पण मला त्याचा दुसरा अर्थ जास्त पटतो: शीत-कडीतल्या शिताचा डोंगर, संध्याकाळची बियर, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जायला स्कूटर. यावर कॅप्सूल काय करणार?

जवसाची_चटणी:

मी मूळची सोलापूरची, लग्नानंतर वास्कोत. आम्ही शाकाहारी, म्हणजे तुमच्या भाषेत कायमचे शिवराक. नवरा जवसाची चटणी खातो ती ओमेगा-३ साठीच. त्याचं काय? की आमच्या पुरुषांना हार्मोनच नसतात?

नळीतलं_रक्त:

ताई, असतात, काळजी नको. अख्ख्या पिढ्या शाकाहारावर वाढल्यात. पण जवसात असतं ते एएलए, वनस्पतीतलं ओमेगा-३. शरीर त्यातलं अगदी थोडं ईपीए करतं, आणि डीएचए तर नावालाच. चटणी खा, चांगलीच आहे, पण ती माशाच्या तेलाची जागा घेते असं समजू नका. डीएचए हवंच असेल तर शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल मिळते. मासासुद्धा ते स्वतः बनवत नाही, समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातूनच त्याच्यात येतं. म्हणजे तुम्ही मधला दलाल टाळलात एवढंच.

मी फोंड्यात लॅबमध्ये आहे, १४ वर्षं रक्त काढते. म्हणून लोखंडभाऊंना एक विचारते. तुमचा ३१० चा रिपोर्ट किती वाजताचा? आणि ४८० चा?

लोखंड_उचल्या:

पहिला कामावरून येताना दिला. पाच-साडेपाच असतील. दुसरा सकाळी, लवकर. का?

नळीतलं_रक्त:

तिथेच मेख आहे. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढतो तसं उतरतं. तुमच्या वयाला तर हा उतार चांगलाच दिसतो. म्हणून नमुना सकाळी सात ते दहाच्या आत, उपाशीपोटी घ्यायचा असतो, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. अमेरिकेतले मूत्रविकारतज्ज्ञ ३०० च्या खाली असेल तर कमी धरतात, तेसुद्धा दोन वेगवेगळ्या सकाळी कमी आलं आणि सोबत त्रास असला तरच. तुमचं संध्याकाळचं ३१० आणि सकाळचं ४८० यांची तुलना म्हणजे भरतीला आणि ओहोटीला मांडवीचं पाणी मोजून पाऊस किती झाला ते सांगणं.

आमच्या लॅबमध्ये दर आठवड्याला असा एखादा येतो, जिममधून थेट, घामाघूम. मी परत पाठवते. ओरडा खाते, पण पाठवते.

लोखंड_उचल्या:

बरं. हे माहीत नव्हतं, कबूल. पण १७० चा फरक सगळाच वेळेचा असेल असंही तुम्ही छातीठोक सांगू शकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या लोकांचं वाढलं ते काय सगळे संध्याकाळी जाऊन आले होते?

नळीतलं_रक्त:

नाही, तो अभ्यास नीट होता. जाड पुरुषांत, भरपूर डीएचए देऊन, थोडा फायदा होत असावा असं मलाही वाटतं. इन्सुलिन सुधारलं की टेस्टोस्टेरॉनलाही हात मिळतो, त्यात चमत्कार नाही. म्हापसेकर 'विकू नये' म्हणतात ते मला थोडं टोकाचं वाटतं. पण १२ आठवड्यांचा एक अभ्यास म्हणजे औषध नव्हे.

म्हापसेकर:

टोकाचं? बरं, एक पाऊल मागे येतो. वजन जास्त असलेल्याने, डॉक्टरला विचारून घेतली तर माझी ना नाही. २४ वर्षांच्या काडीला घ्यायला लावू नये, एवढ्यावर ठाम आहे.

तेफळ:

आणि फुकटात काही नसतं हेही सांगा कुणीतरी. माझ्या दिराला ट्रायग्लिसराइड्ससाठी (रक्तातल्या चरबीसाठी) डॉक्टरांनी जास्त डोसचं ओमेगा-३ दिलंय. पण त्याआधी ईसीजी काढला. जास्त डोसमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, मोठ्या चाचण्यांत दिसलंय ते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तरी आधी विचारावं. जिमचा ट्रेनर ईसीजी काढतो का?

रापणकार_बेतूल:

ट्रेनर इंजेक्शन काढतो, ते बघा आधी. आमच्या गावातले दोन पोरगे घेत होते. दंड वाढले, बाकीचं काय झालं ते लग्नानंतर कळलं.

नळीतलं_रक्त:

रापणकारबाब, हा खरा मुद्दा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की पियूष ग्रंथीला वाटतं माल भरपूर आहे, ती एलएच आणि एफएसएच पाठवायचं बंद करते. वृषण आकसतात, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. हे पोरगे माझ्याकडे मूल होत नाही म्हणून येतात, आणि इंजेक्शनचं बायकोसमोर बोलत नाहीत. एलएच जवळपास दिसतच नाही, टेस्टोस्टेरॉन छताला. मला कागद बघूनच कळतं.

गंमत बघा, एलएच डेन्मार्कच्या मुलांतही कमी होता. पण तिथे थोडासा कमी आणि वृषण मोठे. इथे जवळजवळ नाहीच आणि वृषण लहान. म्हणून नुसत्या एलएचच्या आकड्यावर कुणी नाचू नये. आकार, शुक्राणू, टेस्टोस्टेरॉन, सगळं शेजारी ठेवून वाचायचं असतं.

जवसाची_चटणी:

आणि झोप? आमचे हे रात्री दोनपर्यंत मोबाइल घेऊन बसतात.

नळीतलं_रक्त:

त्यावर अमेरिकेतला २०११ चा अभ्यास आहे, छोटाच, दहा तरुण. आठवडाभर रोज पाच तास झोपू दिलं तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. मोबाइल काढून घ्या, तो कॅप्सूलपेक्षा स्वस्त पडेल.

लोखंड_उचल्या:

सगळ्यांनी मिळून मला धरलंत. ठीक आहे. सकाळी आठला, उपाशी, दोनदा देतो. पण खरं सांगायचं तर त्या चार महिन्यांत मी बियरही सोडली होती आणि वजन ९४ वरून ८७ वर आलं. तरी कॅप्सूलचा काहीच वाटा नाही, हे मानायला मन तयार होत नाही.

नळीतलं_रक्त:

मानू नका. पण तिघांनी मिळून वल्हवलेली होडी एकट्याच्या नावावर कशी करणार? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा.

लोखंड_उचल्या:

म्हणजे बियर परत सुरू करून बघू म्हणता?

नळीतलं_रक्त:

कॅप्सूल बंद करून बघा म्हणते.