मदत हवी आहे: ऑटो पंप मिनिटाला चार-पाचदा चालू-बंद होतोय

गच्चीवरची_टाकी:
२२ मजली इमारत. खालच्या टाकीतून वर पाणी चढवायला ऑटो कंट्रोलर आहे. कालपासून पंप सारखा चालू-बंद होतोय, मोटर हात लावू देत नाही. मॅन्युअलवर नीट चालतो. कंट्रोलर बदलायचा का? आजच ठरवायचंय.

तीनफेज:
आधी मॅन्युअलवर टाका. मग सांगा: किती एचपी? वर टाकीत फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) आहे की प्रोब (पाणी लागलं की कळवणाऱ्या धातूच्या कांड्या)? आणि कधीही होतं की टाकी भरत आल्यावरच?

फ्लोटवाला:
प्रोब असतील तर काढून टाका. बोअरच्या पाण्यात त्यांच्यावर क्षार चढतोच. फ्लोट लावा, प्रश्न मिटला.

बिनतारी:
वायरच कशाला? लोरा (लांब पल्ल्याचा रेडिओ) सेन्सर वर, रिसीव्हर खाली.

फ्लोटवाला:
बेसमेंटपर्यंत मधे किती स्लॅब येतात? सिग्नल तुटला की पंप बंद व्हायलाच हवा, ती सोय बघितल्याशिवाय सुचवू नका.

गच्चीवरची_टाकी:
१५ एचपी, स्टार-डेल्टा (सुरू होताना करंट कमी ठेवणारा स्टार्टर). स्टीलच्या तीन कांड्या. टाकी जवळजवळ भरलेली असतानाच होतं.

तीनफेज:
मग कंट्रोलर बदलू नका. तीन कांड्या म्हणजे कॉमन (दोन्हींना सामाईक), लो (खालची पातळी), हाय (वरची पातळी). पाणी हायला लागलं की पंप बंद, आणि लोच्या खाली उतरेपर्यंत बंदच राहायला हवा. लोचा संपर्क तुटला तर हाय एकटीच उरते. पाणी हललं, कांडी सुटली, की पंप पुन्हा चालू. दर वेळी सुरू होताना दुप्पट-अडीचपट करंट, म्हणून मोटर तापते.

तपासणी: मेन बंद करून वर लो आणि कॉमन तारेने जोडा. मेन चालू करून ऑटोवर बघा. चालू-बंद होणं थांबलं तर कांडीवर क्षार, पॉलिश पेपरने घासा. नाही थांबलं तर मेन बंद करून वरची तार काढा, तेच दोन टर्मिनल खाली पॅनलवर जोडा आणि पुन्हा बघा. तिथे थांबलं तर केबलची कोर (आतली एक तार) तुटलीय. तिथेही नाही थांबलं, तरच कंट्रोलर.

मीटर_हवेत:
यापेक्षा फ्लॅटवार मीटर लावा, पाण्याचा वापर कमी होईल. फक्त एका फ्लॅटला दोन-तीन इनलेट असतात, तेवढे मीटर धरा.

तीनफेज:
वेगळा धागा काढा ना.

गच्चीवरची_टाकी:
वर जोडून फरक नाही. खाली जोडल्यावर थांबलं! केबल लिफ्टच्या डक्टमधून आलीय.

तीनफेज:
म्हणजे कोर. आधी गच्चीवरचा जॉइंट उघडा, उन्हापावसात तोच सडतो. जादा कोर असेल तर ती वापरा. नवी ओढायची वेळ आली तर लिफ्टच्या डक्टमधून नको, तिथे लिफ्टशिवाय दुसरं वायरिंग चालत नाही. इलेक्ट्रिकल डक्टमधून, पंपाच्या पॉवर केबलपासून लांब, शील्डेड (बाहेरच्या विजेचा परिणाम अडवणारं आवरण असलेली) घ्या.

आणि खाली जोडलेली तार मेन बंद करून आत्ता काढा. ती राहिली तर लोला कायम पाणी आहे असं कंट्रोलर धरेल, टाकी रिकामी झाली तरी पंप सुरू होणार नाही.